आईबाबांसाठी शुश्रूषा केंद्र निवडताना: काय बघायचं, काय विचारायचं, कधी जायचं

माझ्या आईच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि दहाव्या दिवशी हॉस्पिटलने डिस्चार्जचा कागद हातात ठेवला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ब्यूरोतून आलेली बाई चार दिवसांत गावी निघून गेली. आईला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेलीच होती. दोन दिवसांत आम्ही एक केंद्र शोधलं. चकचकीत फरशी, दारात तुळस, ऑफिसात गोड बोलणारे व्यवस्थापक. आम्ही लगेच पैसे भरले. पाच आठवड्यांनी तिच्या माकडहाडावर तळहाताएवढी जखम होती. तिथून तिला दुसरीकडे हलवलं आणि तिथे ती पावणेदोन वर्षं नीट राहिली. दुसऱ्या जागेची इमारत जुनी होती, रंग उडालेला होता. या दोन जागांतला फरक मला पहिल्याच दिवशी दिसला असता, पण कुठे बघायचं हे मला माहीत नव्हतं. तुमच्यावर ही वेळ आली असेल तर निदान तुम्हाला ते माहीत असावं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

नेमकं काय शोधताय, ते आधी ठरवा

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलं की दहा-वीस खाटांचं खासगी हॉस्पिटल डोळ्यांसमोर येतं. त्यांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली होते. तिथे उपचार होतात, पण महिनोन् महिने कुणाला सांभाळत नाहीत. वृद्धाश्रम वेगळे. बऱ्याच वृद्धाश्रमांची अटच असते की माणूस स्वतःच्या पायांनी बाथरूमपर्यंत जाणारा हवा. अंथरुणाला खिळलेल्या, नळ्या लावलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसासाठी जी जागा लागते तिला कुणी शुश्रूषा केंद्र म्हणतं, कुणी केअर सेंटर. फोन करताना पहिल्याच वाक्यात सांगा, ‘पेशंट झोपून आहे, सगळं दुसऱ्याने करावं लागतं.’ अर्धे पर्याय तिथेच गळतात आणि तुमची वणवण वाचते.

अमेरिकेतली भावंडं हटकून विचारतात, ‘रेटिंग किती आहे?’ तिथे २००८ पासून सरकारच नर्सिंग होमना एक ते पाच तारे देतं आणि ते कुणालाही ऑनलाइन बघता येतात. आपल्याकडे अशी सरकारी यादी नाही. गूगलवरचे तारे असतात, पण ते बहुधा आवार आणि ऑफिसातली वागणूक बघून दिलेले असतात. त्यामुळे तपासणी आपल्यालाच करायची आहे.

निघण्याआधी एक कागद लिहा

एका पानावर आपल्या माणसाबद्दल सगळं लिहा. चालता येतं का, आधाराने बसता येतं का, स्वतःच्या हाताने जेवतात का, गिळताना ठसका लागतो का, लघवी-संडासची जाणीव आहे का, रात्री उठून फिरतात का, कुठे जखम आहे का, कुठली नळी आहे, कुठली औषधं किती वाजता, चष्मा, कवळी, कानाचं मशीन. शेवटी आवडीनिवडीही लिहा. काही केंद्रांत फक्त शाकाहारी जेवण असतं. आयुष्यभर मासे खाल्लेल्या माणसाला ते फार जड जातं.

हा कागद तुमच्यासाठी आहेच, पण केंद्राची पहिली परीक्षाही त्यानेच होते. कागद समोर ठेवा आणि ते काय विचारतात ते ऐका. चांगल्या जागेत तुमच्यापेक्षा त्यांचेच प्रश्न जास्त असतात: ‘जखम किती खोल आहे? शेवटचं रक्त कधी तपासलं? रात्री झोपतात का?’ दुसऱ्या केंद्रातल्या सिस्टरने मला पाऊण तास बसवून घेतलं होतं आणि आई रागावली की कशाने शांत होते, हेही लिहून घेतलं होतं. पहिल्या ठिकाणी दोन मिनिटांत उत्तर आलं होतं, ‘घेऊन या, सगळं होईल,’ आणि लगेच डिपॉझिटचा आकडा.

निदान दोनदा जा, दुसऱ्यांदा न सांगता

पहिली भेट वेळ ठरवून. तेव्हा ते तुम्हाला जे दाखवायचं ते दाखवतील. दुसरी भेट न कळवता, आणि शक्यतो संध्याकाळी सहा ते साडेसातच्या मध्ये. बहुतेक ठिकाणी तेव्हाच जेवणं भरवणं चालू असतं, दिवसपाळीची माणसं घरी निघालेली असतात आणि कुठे किती हात कमी आहेत ते उघड दिसतं. रविवारची दुपारही चांगली.

स्पंजिंग किंवा डायपर बदलणं चालू असताना आत सोडलं नाही, तर ते योग्यच आहे. पण ऑफिसच्या पलीकडे कधीच पाऊल टाकू देत नसतील, तर त्या जागेचा विचार सोडून द्या.

आत गेल्यावर आधी वास घ्या. नुकतं कुणाचं डायपर बदललं असेल तर वास येणारच, तो पंधरा मिनिटांत जातो. गादीत मुरलेला लघवीचा शिळा वास आणि त्यावर भरपूर फिनाईल, हा वेगळा असतो. एकदा घेतला की ओळखता येतो.

मग हॉलमध्ये एक खुर्ची मागून घ्या आणि वीस मिनिटं नुसतं बसा. कुणी ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली तर किती वेळाने कोण येतं? कूस बदलताना ‘आजी, आता डावीकडे वळवते हं’ असं सांगतात, की ओंडका लोटावा तसं लोटतात? स्पंजिंगच्या वेळी पडदा ओढतात का? लोकांची नखं कापलेली आहेत का, ओठ सुकून फुटलेत का, डोळ्यांत चिपाडं आहेत का? चष्मा लावणाऱ्यांच्या डोळ्यांवर चष्मा आहे का? पाण्याचं भांडं हात पोचेल असं ठेवलंय का? सकाळी अकरा वाजता एकूण एक माणूस गाढ झोपलेलं दिसलं, तर ते मनात टिपून ठेवा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

शरीर वाचायला शिका

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो शिकायला डॉक्टर असावं लागत नाही.

बेडसोअरपासून सुरुवात करा. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि मांस मरायला लागतं. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असते. जागा ठरलेल्या आहेत: माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर, डोक्याची मागची बाजू. सुरुवात लालसर डागाने होते. डागावर बोट दाबून सोडा. रंग क्षणभर फिका पडून परत आला तर ठीक, दाबूनही लाली तशीच राहिली तर जखमेची सुरुवात झालेली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा काळपट किंवा जांभळट डाग, हाताला गरम किंवा कडक लागणारा भाग शोधा. टाचा सगळ्यात आधी बघा, कारण पांघरूण जरा सरकवलं की त्या दिसतात आणि कुणाला संकोच वाटत नाही.

केंद्रात थेट विचारा, ‘सध्या किती जणांना जखमा आहेत? त्यातल्या इथे आल्यावर किती झाल्या?’ ‘आमच्याकडे कुणालाच नाही’ या उत्तरावर मी विश्वास ठेवला होता. दुसऱ्या ठिकाणी उत्तर मिळालं, ‘तिघांना आहेत. दोन हॉस्पिटलमधून घेऊन आले, एका आजींना इथे झाली, ती आता भरत आलीये, बघायची का?’ तिथेच माझा अर्धा निर्णय झाला.

कूस बदलल्याचा तक्ता बघायला मागा. त्यात वेळ, बाजू आणि सही असते. सकाळी अकराला गेलात तर तो अकरापर्यंतच भरलेला असायला हवा. आईच्या पहिल्या केंद्रात मी दुपारी चारला तक्ता पाहिला, तर रात्री आठपर्यंतच्या सह्या आधीच झालेल्या होत्या. हवेची गादी असेल तर तिचं यंत्र चालू आहे का ते हात लावून बघा आणि वीज गेल्यावर ती कशावर चालते ते विचारा. हवेची गादी आहे म्हणून कूस बदलायची गरज नाही, असं कुणी म्हणालं तर ते चूक आहे.

आता जेवण. ताटात काय आहे यापेक्षा भरवतात कसं ते बघा. पेशंटला बसवून किंवा पाठीला उंच आधार देऊन भरवायला हवं. आडवं ठेवून भरवलं की घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. नाकातून नळी असेल तरी डोक्याकडची बाजू उंच हवी, आणि नळीतून दिल्यावर निदान अर्धा तास तशीच ठेवायला हवी. एका माणसाला सावकाश भरवायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. दहा जणांना भरवायचंय आणि भरवणारी एकच मावशी आहे, तर हिशोब तुम्हीच करा: शेवटच्याला थंड जेवण, नाहीतर सगळ्यांना घाईघाईने कोंबलेलं.

वजन दर महिन्याला करतात का? खाटेवरच्या माणसाचं वजन करणं अवघड असतं, पण निदान दंडाचा घेर टेपने मोजून लिहिता येतो. पन्नास किलोच्या बाईचं महिन्याभरात अडीच किलो वजन उतरलं, तर डॉक्टरांनी लक्ष घालायलाच हवं.

लघवीची पिशवी कमरेच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. गडद पिवळी किंवा तपकिरी लघवी दिसली तर पाणी कमी पडत असण्याची शक्यता मोठी. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, त्यांना मागे लागून पाणी द्यावं लागतं.

एक प्रश्न मी सगळ्यांना विचारायला सांगते: ‘पेशंट अचानक असंबद्ध बोलायला लागला तर काय करता?’ वयस्कर माणसाला जंतुसंसर्ग झाला तर ताप येईलच असं नाही. कधी कधी नुसता गोंधळ वाढतो किंवा सुस्ती येते. बरोबर उत्तर असं असतं: ‘ताप, बीपी, शुगर, ऑक्सिजन बघतो, लघवी कशी होतेय ते बघतो, डॉक्टरांना आणि तुम्हाला फोन करतो.’ ‘झोपेची गोळी देतो’ हे उत्तर मिळालं तर तिथून निघा. सकाळी अकराला सगळे झोपलेले असण्यामागे हेच कारण असू शकतं. शांत ठेवण्याच्या गोळ्या कोण ठरवतं, लेखी आहे का, घरच्यांना विचारतात का, हे स्पष्ट करून घ्या. हात बांधण्याबद्दलही तसंच. नळी उपसून काढणाऱ्या पेशंटचे हात कधी कधी बांधले जातात. डॉक्टरांचा लेखी निर्णय आणि तुमची संमती याशिवाय ते होता कामा नये, आणि बांधलेच तर किती वेळाने सोडतात, कातडी तपासतात का, हेही विचारायचं.

रात्री तिथे कोण असतं

दिवसा सगळीकडे माणसं दिसतात. प्रश्न विचारायचा तो रात्रीचा: ‘रात्री दहानंतर प्रत्येक मजल्यावर किती जण जागे असतात?’ ‘असतात’ आणि ‘जागे असतात’ यात फरक आहे. दिवसभर काम केलेली मावशीच रात्री पेशंटच्या खोलीत चटईवर झोपत असेल, तर दोन वाजता कूस बदलणार कोण? एकदा रात्री साडेदहाला त्यांच्या नंबरवर फोन करून बघा.

गणवेशातल्या प्रत्येक बाईला आपण सिस्टर म्हणतो. पण जीएनएम हा नर्सिंगचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, एएनएम दोन वर्षांचा, आणि शिकलेल्या नर्सची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. इंजेक्शन, कॅथेटर, नळी, ड्रेसिंग कोण करतं ते विचारा. प्रत्येक पाळीत निदान एक नोंदणीकृत नर्स असावी, असं माझं ठाम मत आहे.

तरीही तुमच्या आईच्या अंगाला दिवसातून सगळ्यात जास्त वेळा जो हात लागणार आहे, तो मावशींचा किंवा मामांचा. त्या इथे किती वर्षं आहेत, आठवड्याची सुट्टी मिळते का, झोपायला नीट जागा आहे का, हे विचारा. दर दोन महिन्यांनी माणसं बदलत असतील तर तुमच्या माणसाच्या सवयी कुणालाच माहीत होत नाहीत. मी एका मावशींना सहज विचारलं, ‘त्या कोपऱ्यातल्या आजींना काय आवडतं?’ त्या पटकन म्हणाल्या, ‘चहात साखर जास्त लागते, आणि खिडकीकडे तोंड करून झोपवलं नाही तर रडतात.’ त्या सहा वर्षं तिथे होत्या.

डॉक्टर, आणीबाणी आणि एक नकोसा प्रश्न

डॉक्टर आठवड्यातून किती वेळा प्रत्यक्ष येतात, रविवारी कोण, जवळचं हॉस्पिटल कुठलं, १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत ऑक्सिजनची सोय आहे का, पेशंटबरोबर कोण जातं: हे सगळं एका दमात विचारून लिहून घ्या.

आणि हेही विचारा: ‘इथेच मृत्यू झाला तर डॉक्टरांचा दाखला कोण देतं?’ मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला नसेल तर अंत्यसंस्कारासाठी ताटकळावं लागतं, आणि ऐनवेळी दाखला द्यायला कुणी तयार नसलं तर घरच्यांचे फार हाल होतात. हा प्रश्न विचारताना माझा आवाज कापला होता, पण उत्तर आधी माहीत होतं म्हणून शेवटची रात्र सोपी गेली. शेवटी व्हेंटिलेटर नको, आयसीयू नको अशी आईबाबांची इच्छा असेल, तर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तशी इच्छा आधी लिहून ठेवायला मान्यता दिली आहे आणि जानेवारी २०२३ मध्ये ती पद्धत सोपी केली आहे: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. त्याची प्रत केंद्रात द्या.

कागदपत्रं आणि आग

संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा. खासगी असेल तर कशाखाली नोंदणी आहे ते विचारा आणि कागद डोळ्यांनी बघा.

आगीचा प्रश्न लोक विसरतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि दहाहून अधिक रुग्ण गेले. झोपून असलेली माणसं पळू शकत नाहीत, त्यांना कुणीतरी उचलून न्यावं लागतं. दुसरा जिना आहे का? त्याला कुलूप आहे का? जाळीच्या दाराची किल्ली रात्री कुणाकडे असते? स्ट्रेचर जिन्यावरून वळतं का? राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, म्हणजे ‘फॉर्म बी’, दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. शेवटचा कधीचा आहे ते विचारा.

पैसे

महिन्याचा आकडा विचारून थांबू नका. नाव झाकून का होईना, गेल्या महिन्याचं एखाद्या झोपून असलेल्या पेशंटचं पूर्ण बिल दाखवायला सांगा. डायपर, औषधं, ड्रेसिंग, फिजिओथेरपी, ऑक्सिजन, डॉक्टरांची व्हिजिट, हे सगळं वेगळं लागत असेल तर खरा आकडा बराच वर जातो. डिपॉझिट किती दिवसांत परत, मधेच हॉस्पिटलमध्ये हलवलं तर त्या दिवसांचे पैसे लागतात का, हे करारात हवं. अशा दीर्घ सांभाळाचा खर्च मेडिक्लेम सहसा देत नाही. सत्तरीपुढच्यांसाठीचं आयुष्मान कार्ड वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या हॉस्पिटलच्या उपचारांसाठी आहे, केंद्राच्या मासिक शुल्कासाठी नाही.

पहिले पंधरा दिवस

शक्य असेल तर आधी पंधरा दिवसांसाठीच ठेवा, आणि आईबाबांना कळत असेल तर त्यांना जागा आधी दाखवा, त्यांचं म्हणणं ऐका. दाखल करताना नर्सला सोबत घेऊन पाठ, खुबे, टाचा बघा, जखम असेल तर फोटो काढा आणि दोघांच्या सहीने लिहून ठेवा. पुढे जखम कुठे झाली यावरून वाद होत नाही. कपड्यांवर, कवळीच्या डबीवर नाव घाला.

मग वेगवेगळ्या वेळी जात राहा. प्रत्येक भेटीत पांघरूण बाजूला करून टाचा बघा, तोंड उघडून जीभ बघा, डायपर किती वेळ तसंच आहे ते विचारा. परदेशी असाल तर व्हिडिओ कॉलवर नुसता चेहरा बघू नका, टाचा दाखवायला सांगा, आणि आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष जाणारं कुणीतरी माणूस ठरवा, मावसभाऊ असो की शेजारी.

काही खटकलं तर आधी ड्युटीवरच्या नर्सशी शांतपणे बोला, मग प्रमुखांशी, मग तारीख घालून लेखी. पहिल्या केंद्रात मी थेट आरडाओरडा केला आणि त्याचा राग एका मावशीवर निघाला, जिच्याकडे त्या पाळीत चौदा पेशंट होते. याचं मला आजही वाईट वाटतं. लिहून देऊनही काही हललं नाही तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत फोन करा. मारहाण किंवा डांबून ठेवण्याचा संशय असेल तर वाट न बघता ११२. पैशांची फसवणूक किंवा सेवेत कसूर असेल तर जिल्हा ग्राहक आयोग आहे.

आईच्या उशाशी मी एक शंभर पानी वही ठेवली होती. भेटायला येणारा प्रत्येक जण तारीख, वेळ आणि तीन ओळी लिहायचा: काय खाल्लं, टाचा कशा आहेत, बोलली का. काही दिवसांनी मावशीही त्यात लिहायला लागल्या, ‘आज दोन पोळ्या, गाणं म्हटलं.’ तुम्हीही अशी वही ठेवा. भरली की नवी आणा, पण जुनी टाकू नका. डॉक्टर बदलले की ‘हे कधीपासून?’ हा पहिला प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर तिच्यातच सापडतं.